पट्टा कोणाला लागला

आमचे आप्पा गावात शांत माणूस म्हणून ओळखले जात, कारण ते मारायचे ते इंजिन चालू असताना. दहा हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं आणि त्याच्या धुराड्यावर आप्पांनी मुद्दाम पत्र्याचा डबा बसवला होता. त्यातून निघणारं ‘पुक् पुक् पुक्’ पाच वाड्यांवर ऐकू जाई आणि ते ऐकून बायका दळणाचे डबे डोक्यावर घेऊन घरातून निघत. एवढ्या आवाजाखाली आईचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? तो डबा दळणाची जाहिरात करायचा आणि बाकीचं झाकायचा. घर आणि गिरणी यांच्यामध्ये एकच भिंत होती. काम उरकलं की आप्पा भिंतीच्या गिरणीकडच्या बाजूला येत, दोन बोटांत पीठ चोळून बघत आणि समोरच्या बाईला मऊ आवाजात विचारत, “बारीक करू का आजून, वैनी?”

माझा मार कामापुरता असे. हात इंजिनाच्या पट्ट्याजवळ गेला की थप्पड, एकीचं पीठ दुसरीच्या डब्यात पडलं की थप्पड, वाचताना सापडले की थप्पड आणि पुस्तक चुलीत. बाळू, माझा भाऊ, माझ्या पाठीवर नऊ वर्षांनी झाला. तो हाताशी येईपर्यंत गिरणीला हात हवे होते, म्हणून सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि मी धान्य ओतायच्या पत्र्याच्या नरसाळ्यापाशी उभी राहिले. सतराव्या वर्षापर्यंत मला इंजिन हँडल मारून चालू करता येत होतं, सुटलेला पट्टा पुलीवर चढवता येत होता, आणि दगडाच्या आवाजावरून त्याला टाकी लावायची वेळ झाली हे कळत होतं. टाकी लावणं म्हणजे गुळगुळीत झालेला दगड धारेच्या हातोड्यानं टोचून पुन्हा खरखरीत करणं. तो हातोडा लहानसाच असतो, मूठभर लोखंड, दोन्ही बाजूंनी छिन्नीसारखं निमुळतं. दगडासाठी केलेली वस्तू आहे. तिचा उल्लेख पुढे येईल.

आमचं गाव आणे पठाराच्या पायथ्याला. पाणी कमी, बाजरी बरी, हुलगे उत्तम. आता मला साखर आहे म्हणून डॉक्टर हुलगे खा म्हणतात. तेव्हा आम्ही ते गरिबी म्हणून खात होतो. पहिल्या थंडीत आई हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्या वळायची. लसणाचा ठेचा, वर तेलाचा तवंग, आणि घरभर असा वास की आप्पासुद्धा त्या दिवशी कुणाला मारत नसत. आप्पा माळकरी होते. मटण तर सोडाच, अंड्याचं टरफल अंगणात दिसलं तरी गोमूत्र शिंपडत. पण आईची मासवडी त्यांना प्रिय होती. बेसनाची असली तरी दिसायला माशासारखीच, आणि ती समोर आली की ते डोळे मिटून खात. मला वाटायचं भक्तीनं मिटतात.

गिरणीचं एक गुपित असतं, जे प्रत्येक गिरणीवाल्याला ठाऊक असतं आणि कुणीच बोलत नाही. दोन दगडांमध्ये नेहमी पायलीभर पीठ अडकून राहतं. पुढच्याचं धान्य पडलं की ते आधीच्याचं पीठ पुढं ढकलतं. म्हणजे तुमच्या डब्यात सुरुवातीला जे पडतं ते शेजारणीचं असतं आणि तुमचं शेवटचं पुढचीच्या घरी जातं. बायका यावरून भांडत, विशेषतः जिची बाजरी चांगली आणि आधीच्या बाईची किडकी ती. पण गावातली प्रत्येक भाकरी थोडी दुसऱ्याची होती, आणि त्यात कधी कुणाचा देव बाटला नव्हता, कारण त्याचा कुणी विचार केला नव्हता.

विचार केला तो दामू मास्तरांनी. ओढ्यापलीकडे पंधरा घरं होती. पूर्वी महार म्हणवणारी, आता बौद्ध झालेली. मास्तर त्या घरांतले पहिले मॅट्रिक, शेजारच्या गावच्या शाळेत शिक्षक. गाव त्यांना समोर ‘मास्तर’ म्हणे आणि पाठीमागे ‘दाम्या’, आणि यात आपण काही वावगं करतो असं गावाला वाटत नसे. रविवारी ते सायकलच्या कॅरिअरला बाजरीचं पोतं बांधून येत. ओढ्यापलीकडच्यांचे डबे पायरीखाली ठेवायचे आणि सगळ्यांचं उरकल्यावर, कातरवेळी, दळायचे, हा रिवाज. मास्तर पायरीखाली पोत्यावर बसून वाचत राहत, आणि निघताना पोत्याखाली एक पुस्तक विसरून जात. पुढच्या रविवारी मी ते रिकाम्या पोत्यात परत घालायची. आमच्यात यावर एक शब्द कधी झाला नाही. मला जे काही वाचायला येतं ते या विसरभोळेपणामुळे.

गावात दरसाल सप्ताह बसायचा. सात दिवस भजन-कीर्तन आणि शेवटच्या दिवशी आमटी-भाकरीचा महाप्रसाद. आमटी देवळापुढे मोठ्या कढयांत शिजायची. भाकऱ्या मात्र घरोघरच्या. प्रत्येक घरानं बाजरी द्यायची, ती आमच्या गिरणीत फुकट दळली जायची, बायका भाकऱ्या भाजून आणायच्या आणि मैदानात धुतलेल्या धोतरांवर सगळ्यांचा एकच ढीग लागायचा. कुणाची भाकरी कुणाच्या ताटात येते हे देवालासुद्धा कळू नये अशी व्यवस्था. फक्त ओढ्यापलीकडची भाकरी त्या ढिगात नसे. आणि त्या सात दिवसांत त्यांचं दळण गिरणीत घेतलं जात नसे. सात दिवस त्यांच्या बायका जात्यावर.

हा आप्पांचा नवस होता आणि तो खोटा नव्हता. हे मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. बाळू दोन वर्षांचा असताना घटसर्पानं निळा पडला होता. आप्पांनी देवीपुढे शब्द दिला की पोर वाचलं तर सप्ताहाचे सात दिवस माझी गिरणी तुझ्या प्रसादासाठी सोवळ्यात चालेल. पोर वाचलं. त्या सात दिवसांत आप्पा पहाटे आडाच्या गार पाण्यानं अंघोळ करत, अनवाणी राहत, एकभुक्त राहत आणि (आईच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं) कुणावर हात उचलत नसत. ढोंगी माणसाशी भांडणं सोपं असतं. आप्पा ढोंगी नव्हते.

त्या वर्षी सप्ताहाच्या आदल्या दिवशी मास्तर पोतं घेऊन आले ते पायरीखाली थांबले नाहीत. पायरी चढून आले आणि पोतं रांगेत, बिरूमामाच्या डब्यामागे ठेवलं. बिरूमामा हा मेंढरंवाला म्हातारा. खांद्यावर घोंगडी, तोंडात तंबाखू, आणि दळण असो नसो गिरणीच्या ओट्यावर मुक्काम.

“मास्तर, सप्ता बसतोय,” आप्पा म्हणाले. “आज कातरवेळी दळतो. उद्यापास्नं सात दिस तुमचं न्हाई.”

“आप्पा, बाजरीचं पीठ चार दिवसांत कडू होतं. माझी बहीण सातव्या महिन्यात आहे. गेल्या साली जात्यावर बसली आणि पोर गेलं. यंदा नको.”

“देवीचं हाय त्ये. माझं न्हाई.”

मास्तरांनी खिशातून वहीचं पान काढलं. त्यांनी ते सुवाच्य अक्षरात उतरवून आणलं होतं, शुद्धलेखन काढावं तसं. “कायदा आहे. दुकान, हॉटेल, गिरणी, जे लोकांसाठी उघडं ते सगळ्या लोकांसाठी उघडं. जात बघून नाही म्हणता येत नाही.”

“अन् माझा धरम? त्यो पाळायचा मला आधिकार न्हाई व्हय? का कायदा फकस्त तुमालाच आसतोय?”

“आहे ना. तुमच्या देव्हाऱ्यात मी येत नाही. पण देव्हाऱ्याला लायसन लागत नाही आप्पा, गिरणीला लागतं. लायसन घेतलं तिथं देव्हारा संपला.”

बिरूमामा खुश होऊन म्हणाला, “आता बोला!”

आप्पांनी पाठ फिरवली. तेव्हा मास्तर जे बोलायला नको होतं ते बोलले. शिकलेल्या माणसाला नेमकं वाक्य सुचलं की ते गिळणं जड जातं. मी स्वतः तीस वर्षं शिक्षकी केली, मला माहीत आहे. ते म्हणाले, “आणि आज संध्याकाळी आमचं दळलं की आमचं पायलीभर पीठ दगडात राहणारच. उद्या सकाळी ते देवीच्या नैवेद्यात पडतं. दरसाल पडतं. देवी काही बोलली का आजवर?”

आप्पांचा चेहरा पिठानं पांढरा असायचाच. तो पिठाखालीही पांढरा झाला. सहा वर्षं त्यांनी नवस पाळला होता, आणि सहा वर्षं तो मोडत होता, त्यांच्याच दगडांत. त्यांनी त्या दिवशी मास्तरांचं दळलं नाही. कुणाचंच दळलं नाही. इंजिन बंद केलं आणि सप्ताहासाठी आलेल्या महाराजांकडे गेले.

महाराज भारी होते. जरीचं उपरणं, मागं छत्री धरणारा माणूस, पुढं शंख फुंकणारा माणूस, आणि मध्ये स्वतःला धरणारे ते. त्यांनी उपाय सांगितला: दगडांची शुद्धी. गंगाजल, गोमूत्र, पंचामृत, मंत्र, आणि मग पहिली बाजरी. गिरणीच्या दगडाला पाणी चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ओलसर धान्य आलं तर आप्पा परत पाठवत, ‘आधी उन्हात घाला’ म्हणत. वीस वर्षांत त्या दगडाला दव लागू दिलं नव्हतं. मी म्हटलं, “आप्पा, पाणी?” त्यांनी माझ्या कानफटात मारली. सप्ताहाचं सोवळं धरल्यावरची ती पहिलीच. माझ्या आधी त्यांना स्वतःलाच तिचं आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव गिरणीपुढे. सनई, शंख, झेंडूची तोरणं. पुलीला हळदीकुंकू लावलं. मास्तरही आले होते, ओट्याच्या खाली, सायकल धरून. पोतं बांधलेलं. त्यांनी कालच सांगितलं होतं, मी रोज येऊन नंबर लावणार आणि रोज नाही ऐकून जाणार, मोजून सात वेळा, आणि मग तालुक्याला तक्रार करणार. त्या दिवशी पहिली वेळ होती.

महाराजांनी चार थेंब शिंपडले असते तर कदाचित निभावलं असतं. पण एवढ्या शंखानंतर चार थेंब टाकले तर माणसाची किंमत काय राहिली? त्यांनी तांब्या ओतला. मग दुसरा. मग पंचामृत, म्हणजे दूध, दही, तूप, मध, साखर. मी नरसाळ्यापाशी उभी होते. दगडातून खाली पाणी गळताना पाहिलं. आप्पांनी हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, डबा ‘पुक् पुक्’ करू लागला, जयजयकार झाला आणि आप्पांनी स्वतःच्या हातानं देवीची बाजरी ओतली.

आधी वास आला, करपलेल्या खिरीसारखा. पीठ पडायच्या कापडी बाहीतून काहीच पडेना. मग राखाडी गोळा लोंबला, नाकातून लोंबावा तसा. आत कणीक मळली गेली होती आणि दगड एकमेकांना चिकटत होते. इंजिन कण्हायला लागलं. पट्टा पुलीवर घसरून किंचाळू लागला, रबराचा धूर निघाला. मी ओरडले, “बंद करा!” आणि पट्टा सुटला.

सुटलेला पट्टा सापासारखा असतो असं म्हणतात. साप चावतो एवढंच, हा कापतो. बारा हातांचं ते रबर माझ्या कानापाशी फुत्कारत गेलं, महाराजांची छत्री अर्ध्या दांडीसकट उडवली, कलश फोडला, भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीची काच फोडली आणि कोपऱ्यात जाऊन पडलं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल: छत्री, कलश, काच. माणसाला पट्टा शिवला नाही. महाराज मात्र खाली बसले होते, मळलेल्या कणकेत, उपरण्यासकट.

आधी बिरूमामा हसला. “म्हाराज,” तो म्हणाला, “देवीला आंगूळ घातली का कणीक मळली वो? थापा आता च्यार भाकरी!” मग गाव हसलं. छत्री धरणारा माणूस, ज्याच्याकडे आता फक्त दांडीचा तुकडा होता, तोही हसला. बायका पदरात तोंड घालून हसल्या. एक माणूस हसला नाही. दामू मास्तर सायकल धरून गंभीर उभे होते, आणि मला वाटतं त्यांना दगडांचं वाईट वाटत होतं.

आप्पांनी कोनाड्यातला टाकीचा हातोडा उचलला. ते बिरूमामाच्या जवळून गेले, त्याच्या घोंगडीला घासून. सरपंचाजवळून गेले, तो तर डोळे पुशीत होता. ज्याला मारता येत होतं त्याच्यापाशी जाऊन थांबले. पहिला घाव डाव्या डोळ्यावर बसला. आवाज नारळाचा झाला. मास्तर सायकलीसकट पडले, पोतं फुटलं, बाजरी सांडली. दुसरा घाव त्यांनी हातावर घेतला आणि मनगट वाकू नये त्या दिशेला वाकलं. मग गावाला आठवलं की आपण हसत होतो. हसणं झाकायला घाईनं काहीतरी करायला हवं होतं. सनईवाल्यापुढचे पाचसहा जण धावले. लाथा, काठ्या, सायकलीचा पंप. एकानं मास्तरांच्या तोंडात मूठभर सांडलेली बाजरी कोंबली, ‘घे दळून’ म्हणत. मी त्यांची नावं लिहीत नाही. दोघे अजून आहेत आणि रस्त्यात भेटले की मला वाकून नमस्कार करतात.

हे थांबवलं आईनं. ती घरातून कशी आली ते मी पाहिलं नाही. ती सरळ लाथांच्या मध्ये जाऊन बसली आणि मास्तरांचं डोकं मांडीवर घेतलं. पदराचा बोळा डोळ्यावर दाबला. लुगडं गुडघ्यापर्यंत लाल झालं. गिरणीवाल्याची बायको, सप्ताहात, सगळ्या गावापुढे. काठ्या हवेतच राहिल्या. आप्पा म्हणाले, “ऊठ.” आई म्हणाली, “न्हाई. मी बाटले आता. माज्या हातचं सात दिस कुणाला चालायचं न्हाई. भाकरी तुमचा म्हाराज थापंल.” माझ्या आयुष्यात मी पुष्कळ भाषणं ऐकली, काही लिहूनही दिली. याच्या तोडीचं एकही नाही. मी खाली वाकले, आप्पांच्या हातातून पडलेला हातोडा उचलला आणि पिठाच्या पिंपात खोल दाबून टाकला. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आप्पांना वाचवायला असेल, किंवा एक दिवस बाहेर काढायला.

त्या दुपारी ओढ्यापलीकडच्या कडब्याच्या गंजी पेटल्या, आणि पेटवणाऱ्यांनी कीर्तनाला वेळेवर हजेरी लावली. मास्तरांना बैलगाडीतून नारायणगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं, बिरूमामानं. डोळा गेला. दुसऱ्या दिवशी हवालदार आला. पंचनामा करताना मला म्हणाला, “पोरी, तू कुठं व्हतीस?” मी म्हटलं, नरसाळ्यापाशी. “मंग तुला समदं दिसलं आसंल.” हो. त्यानं वही मिटली. “मंग इचार कर अन् परवा सांग.” गाव एकमुखानं सांगत होतं की पट्टा सुटला आणि मास्तरांना लागला. पट्टा सुटलेला सगळ्यांनी पाहिला होताच. खोट्याला खऱ्याचा एवढा मोठा तुकडा क्वचित मिळतो.

मी खरं सांगणार होते. ठरवलं होतं. आई घरात शिजवत नव्हती, आप्पा आणि बाळू शेजारून आणून खात होते, पण तिसऱ्या दिवशी तिनं शेंगोळ्या वळल्या, भाकऱ्या केल्या, आणि मला म्हणाली, “चल. बाटलेल्या हातचं खायाला बाटल्यालंच मानूस लागतंय.” आम्ही दवाखान्यात गेलो. मास्तरांचं अर्धं डोकं पट्ट्यांनी बांधलेलं, हात प्लास्टरात. त्यांना आई भरवत होती. बिरूमामा खाली घोंगडीवर बसला होता. गावात एक फेरी सोडली तर तीन दिवस तो तिथंच होता. “हासलो मी,” तो म्हणाला, “अन् फुटला त्येचा डोळा. ह्यो कुठला न्याय, राव?”

“मास्तर,” मी म्हटलं, “मी उद्या हवालदाराला सगळं सांगणार आहे.”

“शकू, तू पट्टाच सांग.”

मला वाटलं तापात बोलतायत.

“ऐक. आप्पा जेलात गेले तर गिरणी बंद. पाच वाड्यांत दुसरी गिरणी नाही. आमच्या बायका पुन्हा जात्यावर, आणि तुमच्याही. वर गंजी पेटल्या, पुढच्या वेळी घरं पेटतील. माझा डोळा कुठल्याच कलमानं परत येत नाही.” आईनं पाणी पाजलं. “मी बिरूमामाला निरोप देऊन पाठवलं होतं आप्पांकडे. मी पट्टा म्हणतो. त्या बदल्यात आमचे डबे रांगेत, नंबराप्रमाणे. रोज. सप्ताहातसुद्धा. आणि महाप्रसादाची बाजरी आमच्या घरचीही, त्याच दगडात, त्याच ढिगात.”

“आणि आप्पा काय म्हणाले?”

बिरूमामानं उत्तर दिलं. “कायबी न्हाई. मान हालवली. पर त्येचं मान हालवनं म्हंजे सई हाय.”

“पण मग कायदा?” मी म्हटलं. मी सतरा वर्षांची होते आणि ते वहीचं पान मी सांडलेल्या बाजरीतून उचलून पोलक्यात ठेवलं होतं.

“कायद्याला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदाराला पुन्हा त्याच गावात दळायला जायचं असतं,” मास्तर म्हणाले. “तू पट्टा सांग. आणि शाळेत जा.”

मी पट्टा सांगितला. हवालदाराला एवढा आनंद झाला की त्यानं मला लिमलेटची गोळी दिली. ती मी गटारात टाकली. त्यापलीकडे माझा बाणेदारपणा गेला नाही. प्रकरण अपघात म्हणून मिटलं. आणि आप्पांनी शब्द पाळला, जसा नवस पाळला होता तसाच, एका दाण्याचाही फरक न करता. नवे दगड बसल्यावर पहिल्याच दिवशी मास्तरांच्या बहिणीचा डबा चौथा होता, तो चौथाच दळला. एका शेतकऱ्यानं आक्षेप घेतला तेव्हा आप्पांनी त्याचा डबा लाथेनं पायरीखाली घालवला. मास्तरांशी ते मरेपर्यंत बोलले नाहीत. लोक त्याला पश्चात्ताप म्हणत. मी करार म्हणते. पुढच्या सप्ताहात ओढ्यापलीकडच्या भाकऱ्या ढिगात पडल्या आणि कुठली कुठली हे देवीला ओळखता आलं नाही. मास्तरांच्या बहिणीला मुलगी झाली. मी बाहेरून मॅट्रिक केलं, शिक्षिका झाले. एवढं सगळं एका खोट्यावर चाललं, आणि बरं चाललं, असं मी चाळीस-पन्नास वर्षं स्वतःला सांगत आले.

खोटं एका जागी राहत नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. आप्पा गेल्यानंतर कुणा कीर्तनकारानं ते उचललं. त्याच्या कथेत एक उद्धट माणूस देवीच्या नैवेद्याला हसतो आणि देवी पट्टा सोडून त्याचा डोळा घेते. दरवर्षी कथा वाढली. आता त्यात वीज चमकते. बाळूचा मुलगा प्रसाद यानं गिरणीच्या जागेवर मंगल कार्यालय बांधलं आहे, हजार माणसांचं, एसी, समोर कारंजं. प्रवेशद्वारात काचेच्या पेटीत तो पट्टा ठेवलाय. त्याला हार आहे. लोक जाता-येता काचेला हात लावून तो कपाळाला लावतात.

परवा प्रसादचा फोन आला. “आत्या, पेटीखाली एक माहितीफलक लावायचाय. चार ओळी. तुझ्यासारखं मराठी आपल्यात कुणाचं आहे?” मी लिहिते म्हटलं. त्याच आठवड्यात मास्तरांची नात घरी आली. पुण्याला नर्स आहे. तिचं लग्न ठरलंय, आणि गावातच करायचं म्हणून ती कार्यालयात गेली होती. मोबाइलवर तारीख मोकळी दिसत होती. कार्यालयात गेल्यावर भरलेली निघाली. दुसरी तारीखही भरली. तिसरीही.

मी प्रसादला विचारलं. तो गोड बोलतो, आप्पांसारखाच. “आत्या, जात-बित काही नाही गं. माझे मित्र आहेत त्यांच्यातले. पण देवीचं स्थान आहे ते. तिथं पूजेशिवाय, मंत्रांशिवाय दुसरा विधी मी कसा होऊ देऊ? माझी श्रद्धा आहे. आणि कायद्याचं म्हणशील तर आजवर कुणाचं काय झालं? आप्पांवरसुद्धा घातली होती ना केस? निघालं काय त्यातून? पट्टा.”

मी फलक लिहायला बसले. चार ओळी म्हणाला होता, चारच झाल्या.

‘हा पट्टा कोणालाही लागला नाही. दामू मास्तरांचा डोळा माझ्या वडिलांनी टाकीच्या हातोड्यानं फोडला. मी नरसाळ्यापाशी उभी होते. मास्तरांनी त्या डोळ्याच्या बदल्यात या जागेवर सर्वांसाठी नंबर घेतला आहे आणि तो अजून चालू आहे.’ खाली माझं नाव.

प्रसादनं ते त्याच्या काचेच्या केबिनमध्ये वाचलं. दोनदा. मग उठून दार लावलं. “आत्या,” तो म्हणाला, “मी त्या मुलीला तारीख देतो. उद्याच देतो, हवी ती. तू हे फाड.”

तोच करार. तारीख घ्या आणि पट्टा म्हणा. मास्तरांना एक डोळा देऊन जे मिळालं ते मला फुकट मिळत होतं, आणि क्षणभर माझा हात कागदाकडे गेलाही. सवय वाईट असते.

“तारीख तिची आहेच,” मी म्हटलं. “ती तू देत नाहीस. नाही दिलीस तर हाच कागद मी तिच्या तक्रारीला जोडीन. फलक वेगळा, तो लागणारच.”

“अगं पण लोक येतात, हात लावतात त्याला. हे तिथं लावायचं कसं?”

मी पिशवीत हात घातला आणि पिठाच्या पिंपातून काढून इतकी वर्षं सांभाळलेली ती वस्तू त्याच्या टेबलावर ठेवली. मूठभर लोखंड, दोन्ही बाजूंनी निमुळतं. त्यानं ते आधी ओळखलं नाही. मग ओळखलं.

“चार खिळे आण,” मी म्हटलं. “हातोडा मी आणलाय.”